साच्यावाचून आकार

केळना नदीच्या काठी वसलेल्या भोकरदन या तालुक्याच्या गावी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जे उत्खनन झाले, त्यात सातवाहनकालीन वसाहतीचे पुष्कळ अवशेष हाती लागले, आणि मणी, शंखाच्या बांगड्या व हस्तिदंती कोरीव काम यांच्याबरोबर पांढऱ्या केओलिन मातीच्या काही लहान मूर्तीही त्यांत होत्या. तेर येथे अशाच मूर्ती मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. या मूर्तींची घडण साच्याची आहे: पुढचा अर्धा भाग एका साच्यात व मागचा दुसऱ्या साच्यात दाबून, ओलेपणीच दोन्ही अर्धे एकमेकांस जोडून, मधली पोकळी तशीच राखून ते कारागीर त्या भट्टीत भाजीत असत. मराठवाड्यातील कुंभाराला व मूर्तिकाराला दुहेरी साच्याची ही विद्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अवगत होती.

साच्याचे सामर्थ्य असे, की तो एकदा सिद्ध झाला म्हणजे त्यातून शेकडो प्रती निघतात. त्याचे बंधन त्याच सामर्थ्याच्या पोटी जन्मलेले आहे. नवा आकार पाहिजे असेल तर नवा साचा पाहिजे, आणि ज्या आकारातून साचा सरळ सुटून येत नाही तो आकार साच्याला निषिद्धच राहतो. गोलाच्या पोटातला सुटा गोल, एकमेकांत गुंतलेल्या कड्यांची अखंड साखळी, अथवा हाडाच्या आत असते तशी जाळीदार पोकळी साच्यातून काढावयाची म्हटली तर निष्णात कारागिराचाही निरुपाय होतो. भोकरदनच्याच तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळे त्याचे नाव दूरवर गेलेले आहे. तेथील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला, अथवा वेल्डिंगचे दुकान चालविणाऱ्या कारागिराला, साच्यावाचून आकार घडविणारे एक यंत्र स्वतःच्या हातांनी उभे करता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. सर्व अडचणींचा हिशेब मांडूनही माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते तसे का आहे याचे कारण यंत्राच्या विद्युत्‌विद्येपेक्षा त्याच्या चूर्णात अधिक सापडते, हे मला येथे दाखवावयाचे आहे.

हे यंत्र म्हणजे चूर्णावर चालणारा एक थ्रीडी प्रिंटरच; परंतु अलीकडे शाळांतून जे थ्रीडी प्रिंटर पाहावयास मिळतात ते बहुधा दुसऱ्या जातीचे असतात. त्यांत प्लॅस्टिकची तार तापवून, तिचा बारीक धागा एकावर एक रचून वस्तू उभी केली जाते. नीती आयोगाच्या योजनेखाली २०१६ पासून ज्या अटल टिंकरिंग लॅब शाळांना मंजूर झाल्या, त्यांतील यंत्रे मुख्यतः या प्रकारची आहेत. चूर्णाच्या यंत्राची रीत निराळी आहे. एका चौकोनी पेटीचा तळ वरखाली सरकणारा असतो; त्यावर कोरड्या चूर्णाचा एक पातळ थर पसरावयाचा, वस्तूचा त्या उंचीवर जेवढा छेद असेल तेवढ्याच भागावर कागदावर छापावे तसे द्रवाचे सूक्ष्म थेंब टाकावयाचे, तळ किंचित खाली घ्यावयाचा आणि पुन्हा थर पसरावयाचा; असा क्रम शेकडो वेळा चालतो. जेथे थेंब पडले तेथे चूर्ण बांधले जाते, जेथे पडले नाहीत तेथे ते सुटे राहते, आणि हे सुटे चूर्णच वरच्या लोंबत्या भागांना आधार देते. तारेच्या यंत्रात लोंबत्या भागाखाली वेगळे आधार छापून मागाहून ते कापून काढावे लागतात. येथे तो खटाटोप नाही, आणि साच्याला निषिद्ध असलेले सर्व आकार येथे आपोआप सुलभ होतात.

ही कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत रूपास आली. इमॅन्युएल सॅक्स, जॉन हॅगर्टी, मायकेल सिमा व पॉल विल्यम्स या चौघांनी डिसेंबर १९८९ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला, आणि एप्रिल १९९३ मध्ये त्यांना त्याची सनद मिळाली. सॅक्स हे यंत्रविद्येचे आणि सिमा हे मृत्तिकाविद्येकडून आलेले प्राध्यापक होते, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवातीपासून जे काम होते ते धातूच्या ओतकामासाठी लागणारे चिनी मातीच्या जातीचे साचे थेट चूर्णातून घडविण्याचे होते. यंत्र जाणणारे आणि माती जाणणारे यांनी एकत्र बसून हा शोध लावला, ही त्याची खरी जन्मकथा आहे. पुढे त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९४ मध्ये झेड कॉर्पोरेशन ही कंपनी काढली, १९९७ मध्ये आपले पहिले यंत्र बाजारात आणले, आणि पिष्ट व प्लास्टर यांसारख्या साध्या चूर्णावर पाण्याच्या आधाराचा द्रव टाकून वस्तू छापण्याची रीत कारखानदारांच्या व वास्तुशिल्पज्ञांच्या कचेऱ्यांपर्यंत नेली. त्यांच्या पुढच्या कित्येक यंत्रांत छपाईचे डोके म्हणून ह्यूलेट-पॅकार्डच्या टेबलावरच्या मामुली प्रिंटरचेच डोके बसविलेले असे. २०१२ च्या आरंभी थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने झेड कॉर्पोरेशन विकत घेतली.

मूळ पेटंटाची मुदत २०१० च्या सुमारास संपली, आणि घरगुती प्रयोगांना खरा बहर त्यानंतर आला. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातून २०१२ मध्ये ‘पावडर’ या उच्चाराचेच नाव धारण करणाऱ्या एका यंत्राचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला करण्यात आला. त्याच देशातील य्वो द हास या तरुण अभियंत्याने २०१३ मध्ये ‘प्लॅन बी’ नावाचे यंत्र स्वतः बांधून त्याचेही नकाशे, सुट्या भागांची यादी व संगणकाचे आदेश खुले केले. त्याच्याही काही वर्षे आधी, वॉशिंग्टन विद्यापीठात मार्क गँटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीचे महागडे चूर्ण बाजूला सारून माती, पिठीसाखर, माल्टोडेक्स्ट्रिन, वापरलेल्या काचेचा भुगा अशा स्वस्त द्रव्यांची मिश्रणे स्वतः तयार करून त्यांच्या कृती प्रसिद्ध केल्या होत्या. माझ्या मते या सर्व खुल्या कार्यात गँटर यांचे काम सर्वांत मोलाचे आहे. यंत्राचा सांगाडा कोणीही कुशल मनुष्य बांधू शकतो, परंतु चूर्णाची गुप्तता मोडल्याशिवाय ते यंत्र सामान्य माणसाच्या उपयोगाचे होत नाही.

आता थेंबाविषयी. शाईच्या काट्रिजच्या तोंडाशी जी सोनेरी पट्टी दिसते तिच्यामागे केसाहून बारीक छिद्रांची रांग असते, आणि प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म कोठडी व तिच्या तळाशी एक रोधक (रेझिस्टर) बसविलेला असतो. त्यातून काही मायक्रोसेकंदांपुरता विजेचा झटका सोडला की त्याला लागून असलेला द्रवाचा अत्यंत पातळ पापुद्रा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, वाफेचा एक बुडबुडा एकदम फुलतो, तो समोरचा द्रव छिद्रातून बाहेर लोटतो आणि लागलीच मावळतो. रिकामी झालेली कोठडी केशाकर्षणाने पुन्हा भरते. जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ च्या सुमारास तापलेली सोल्डरिंगची इस्त्री चुकून पिचकारीच्या सुईला लागली व सुईतून शाई उडाली, तेव्हा ही कल्पना सुचली असे सांगतात. ह्यूलेट-पॅकार्डच्या शास्त्रज्ञांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला आणि १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर विक्रीस आणला. त्याच्या काट्रिजला अवघी १२ छिद्रे होती. घरगुती प्रयोग करणाऱ्यांचे आवडते सी-६६०२ हे काट्रिज त्याच कुळातले आहे: १२ छिद्रे, आणि एका इंचात ९६ बिंदू. छिद्रे थोडी म्हणून तारा थोड्या, आणि तारा थोड्या म्हणून आर्डुइनोसारख्या स्वस्त नियंत्रकाने ते चालविता येते. आतली शाई काढून टाकून, ऊर्ध्वपातित पाण्याने ते अनेकदा धुऊन, त्यात आपला द्रव भरावयाचा, एवढीच त्याची तयारी.

द्रवाची कृतीही साधी आहे. मुख्य घटक पाणी. परंतु पाण्याचा पृष्ठताण इतका मोठा असतो की कोरड्या चूर्णावर पडलेला त्याचा थेंब चटकन आत न शिरता वर गोळा होऊन बसू पाहतो, म्हणून त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. छिद्राच्या तोंडाशी द्रव वाळू नये म्हणून किंचित ग्लिसरीन. छापलेला भाग डोळ्यांना ओळखू यावा म्हणून खाण्याचा रंग. हे तिन्ही पदार्थ औषधांच्या अथवा किराण्याच्या दुकानातून मिळतात, आणि त्यांची प्रमाणे ठरविण्यास प्रयोगाशिवाय अन्य गुरू नाही.

येथून पुढे चूर्णाचे राज्य सुरू होते. प्लास्टर ऑफ पॅरिस, ज्याला बाजारात सारेजण पीओपी म्हणतात, ते जिप्समला सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून त्यातील बरेचसे संयुक्त जल उडवून लावल्याने तयार होते. आपल्या देशात हे जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते. उडालेले पाणी परत मिळताच ते चूर्ण पुन्हा जिप्सम होऊ लागते, सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक चहूंकडे वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि त्या गुंतवळीमुळेच प्लास्टर घट्ट होते. या संयोगाचा हिशेब रसायनशास्त्राने बांधून दिलेला आहे: १०० ग्रॅम प्लास्टरला १८.६ ग्रॅम पाणी पुरते. भांड्यात कालविताना आपण त्याहून कितीतरी अधिक पाणी घालतो, ते केवळ मिश्रण ओतता यावे म्हणून.

हे सर्व समजून घेण्यासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. सपाट काठाचे एक पसरट ताट घ्यावे, त्यात कोरडे पीओपी पट्टीने ओढून तीन-चार मिलिमीटर जाडीचा सारखा थर करावा, आणि इन्शुलिनच्या बारीक सुईच्या पिचकारीतून त्यावर पाण्याचे सुटे थेंब टाकावेत. पहिला थेंब बोटभर उंचीवरून पडू द्यावा, दुसरा वीतभर उंचीवरून. वळवाच्या पहिल्या सरीचे टपोरे थेंब धुळीने भरलेल्या रस्त्यावर पडले म्हणजे जशी लहान लहान खळगी पडतात आणि प्रत्येक खळगीत धुळीने माखलेली एक गोळी बसलेली दिसते, तसेच दृश्य त्या ताटात उमटते, आणि थेंब जितका उंचावरून आला असेल तितकी खळगी रुंद व तिच्या कडेला उडालेले चूर्ण अधिक असते. अर्ध्या तासाने या गोळ्या बोटांनी उचलाव्यात व ब्रशाने झटकाव्यात. काही वाटीसारख्या पोकळ निघतात, काही खालून शेपटी फुटल्यासारख्या लांबट, कारण पाणी खाली ओढले गेलेले असते. मग पाण्यात थोडे अल्कोहोल मिसळून हाच प्रयोग पुन्हा करावा: थेंब आता वर गोळा होऊन बसत नाही, पडताक्षणी पसरतो, आणि गोळीऐवजी चपटी टिकली हाती येते. आता प्लास्टरच्या दहा भागांत एक भाग वस्त्रगाळ पिठीसाखर मिसळून पुन्हा पाहावे. साखर पाण्यात विरघळून कणांच्या सांध्यांत शिरते, वाळल्यावर चिकटते, आणि टिकली नखाने खरवडली तरी लवकर भुगा होत नाही. यंत्रातील थेंब या थेंबाहून हजारो पटींनी लहान असला, तरी त्याच्या वर्तनाचे प्रश्न हेच असतात: तो किती पसरतो, किती खोल जातो, काय बांधतो आणि काय उधळतो. ज्याने या ताटासमोर चार संध्याकाळी घालविल्या, त्याला पुढे यंत्रात काय बिघडते आहे ते ओळखण्याची दृष्टी आलेली असते.

या विद्येचा बराचसा भाग आपल्या मूर्तिकारांच्या व गवंड्यांच्या हातांत आधीपासून आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून अथवा छताला पीओपीची नक्षी करणाऱ्या कारागिराकडून हे कोणीही समजून घ्यावे, की जुन्या, हवा लागलेल्या पोत्यातील माल नीट धरत नाही, आणि ज्या घमेल्यात कालचे घट्ट झालेले प्लास्टर चिकटून राहिले असेल त्यात नवे मिश्रण अपेक्षेपेक्षा फार लवकर आळते. कारागीर म्हणून घमेले स्वच्छ धुतो. छापणाऱ्याला मात्र तोच दोष गुणासारखा उपयोगी पडतो: घट्ट झालेल्या प्लास्टरची बारीक पूड नव्या प्लास्टरमध्ये अल्प प्रमाणात मिसळली असता तिचे कण स्फटिकांच्या वाढीला बीजासारखे कामी येतात, आणि इवलासा थेंब वाळून जाण्यापूर्वीच संयोग सुरू होतो. व्यापारी चूर्णांच्या कृतींत अशा गतिवर्धक द्रव्यांचा समावेश असतो. कंपनीच्या दप्तरात जे ज्ञान मौल्यवान म्हणून जपले गेले, त्याचे मूळ आपल्याकडच्या कारागिराच्या घमेल्यात पडलेले आहे, हे मला फार आश्वासक वाटते.

चूर्ण बांधले जाणे ही निम्मीच गोष्ट. ते पसरलेही पाहिजे. कण फार जाड असतील तर थर खरखरीत होतो व पातळ करता येत नाही. फार बारीक असतील तर कणांचे परस्पर आकर्षण त्यांच्या वजनाला भारी ठरते, चूर्णाचे गठ्ठे होतात आणि थर पसरणारा रोलर पुढे जाताच थराला भेगा पडतात. याची परीक्षा नरसाळ्यातून चूर्ण हळूहळू एका जागी ओतून करतात: ढीग बसका झाला तर चूर्ण वाहते आहे, उंच सुळक्यासारखा उभा राहिला तर ते अडून बसणार. साखर मिसळली की बांधणी सुधारते, परंतु साखर हवेतील दमटपणा शोषून घेते व ढीग उंच होऊ लागतो. म्हणजे एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाते. या दोन गुणांची तडजोड हाच चूर्णाच्या सर्व कृतींचा गाभा आहे. पिंपळगावच्या हवेत उन्हाळ्यात जे मिश्रण वाळूसारखे सरसर पसरते, तेच आषाढ-श्रावणात हट्टी होऊन बसेल, हे गृहीत धरूनच तजवीज केली पाहिजे: चूर्ण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, वापरण्यापूर्वी चाळून घ्यावे, आणि प्लास्टर मात्र उन्हात अथवा चुलीवर तापविण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जास्त तापले तर त्याची प्रकृतीच बदलते.

थर पसरणारा रोलर पुढे सरकताना गाडीच्या चाकासारखा न फिरता उलट दिशेने फिरतो. सरळ फिरला तर तो चूर्ण दाबीत जाईल आणि खालचा नुकताच छापलेला ओलसर थर आपल्याबरोबर ओढून नेईल. उलट फिरला म्हणजे पुढच्या चूर्णाला वर उधळीत, मोकळे करीत, मागे मऊ सपाट थर ठेवून जातो. पेटीच्या सरकत्या तळाच्या कडेने चूर्ण गळू नये म्हणून तेथे नमद्याची पट्टी लावतात, आणि ही पट्टी नीट बसविणे हे सबंध यंत्रातील सर्वांत त्रासाचे सुतारकाम आहे असे म्हणावयास हरकत नाही. बाकीचा सरंजाम तुलनेने सोपा: जुन्या, बंद पडलेल्या प्रिंटरांतून सरकदांड्या, दातेरी पट्टे व काही स्टेपर मोटरी निघतात, पेट्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या अथवा जाड ॲक्रिलिकच्या करता येतात, रोलर लेथवर कातून घ्यावा लागतो, आणि लोखंडाच्या कारखान्यांचे शहर असलेल्या जालन्यात लेथवाल्यांची वाण नाही.

आता थोडे गणित. सी-६६०२ च्या १२ छिद्रांनी एका फेरीत एक-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा छापला जातो. पेटी १०० मिलिमीटर रुंद असेल तर एका थराला ३२ फेऱ्या. थर ०.२ मिलिमीटर जाडीचा धरला, तर ५० मिलिमीटर उंचीच्या वस्तूला २५० थर. एकंदर ८,००० फेऱ्या. एका फेरीला ३ सेकंद धरले तरी केवळ छपाईला ६ तास ४० मिनिटे लागतात, आणि रोलरचा वेळ त्याहून निराळा. विजेच्या भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावात हा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही. मध्येच वीज गेली तर वस्तूच्या पोटात एक कमकुवत पापुद्रा राहून जातो, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर चालविणे इष्ट. ज्याला वेग पाहिजे त्याने पुढे एचपी-४५ हे ३०० छिद्रांचे, अर्ध्या इंचाचा पट्टा छापणारे काट्रिज घ्यावे, त्यात तेच काम ८ फेऱ्यांत होते. पण त्याची विद्युत्‌योजना बरीच गुंतागुंतीची आहे, आणि आरंभ बारा छिद्रांनीच करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा हिशेब पाण्याचा. एक चौरस सेंटिमीटरच्या, ०.२ मिलिमीटर जाड थरात ढोबळमानाने २० मिलिग्रॅम प्लास्टर मावते, आणि त्याच्या पूर्ण संयोगाला ३.७ मिलिग्रॅम पाणी पाहिजे. ९६ बिंदूंच्या जाळीत एका चौरस सेंटिमीटरात सुमारे १,४०० बिंदू येतात, तेव्हा प्रत्येक बिंदूच्या वाट्याला जे पाणी आले पाहिजे ते एका थेंबात मावण्यासारखे नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा थेंब टाकावे लागतील. परंतु इतके पाणी एकदम दिले तर ते कडेला झिरपून आकार फुगतो. म्हणून जाणते लोक छापतानाच पूर्ण संयोगाचा आग्रह धरीत नाहीत. वस्तू उचलण्यापुरती बांधली जावी एवढेच पाणी थेंबांनी द्यावयाचे, त्या बांधणीला साखरेचा व माल्टोडेक्स्ट्रिनचा हातभार घ्यावयाचा, आणि खरी मजबुती मागाहून आणावयाची. चूर्णात चिकट द्रव्य कशासाठी घालतात, हे या हिशेबावरून ध्यानात येते.

असल्या कामाला लागणारी मनोवृत्ती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कोठे जोपासली गेली असेल, तर ती पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातील आपले काम सोडून १९८३ मध्ये त्या अवर्षणप्रवण भागातील गावी जाऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन अशी खरी कामे करता करता त्यांमागचे विज्ञान शिकावे, ही त्यांची शिक्षणपद्धती. २००२ मध्ये एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने जगातील पहिल्यावहिल्या फॅब लॅबांपैकी, म्हणजे संगणकचालित यंत्रांच्या खुल्या कार्यशाळांपैकी, एक याच पाबळला सुरू झाली. ज्या संस्थेत चूर्णमुद्रणाचा जन्म झाला, तिच्याच सहकार्याने एक ज्ञानकेंद्र महाराष्ट्रातील एका खेड्यात उभे राहिले. २००३ मध्ये कलबाग निवर्तले, आणि आश्रमाचे काम त्यांच्या मागे चालू राहिले. यंत्र विकत आणून चालविणे आणि यंत्र बांधून चालविणे यांत शिक्षणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ही गोष्ट कलबागांनी प्रत्यक्ष संस्था उभारून दाखविली, आणि आज ज्या शाळांतून थ्रीडी प्रिंटर नादुरुस्त होऊन कपाटात पडले असतील त्या शाळांच्या चालकांनी पाबळची पद्धती एकदा जाऊन पाहावी असे मला मनापासून वाटते.

धुळीविषयी कडक शब्दांत सांगणे भाग आहे. प्लास्टरची धूळ डोळ्यांना व घशाला त्रास देते, आणि ओले प्लास्टर मोठ्या प्रमाणात हातावर घट्ट होऊ दिले तर त्याच्या उष्णतेने भाजते. वाळूचे सूक्ष्म चूर्ण याहून फार घातक आहे. त्यातील सिलिका श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो, म्हणून घरच्या प्रयोगात वाळूच्या वाटेला जाऊच नये. साखरेची व पिठाची धूळ बंद खोलीत हवेत दाट उधळली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. मुलांनी तोंडावर चांगला मास्क बांधल्याखेरीज चूर्णाच्या पेटीचे झाकण उघडू नये, आणि खाली सांडलेले चूर्ण झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावे. यंत्रालाही धुळीपासून तेवढेच जपावे लागते: काट्रिजच्या तोंडाशी प्लास्टरचा कण पोचला की तेथील ओलाव्याने तो छिद्रातच दगड होऊन बसतो, म्हणून दर काही थरांनंतर काट्रिज बाजूला नेऊन ते पुसण्याची व दोन-चार थेंब वाया घालविण्याची व्यवस्था यंत्रात आरंभापासून असली पाहिजे.

छपाई संपल्यावर घाई करू नये. वस्तू त्याच चूर्णात किमान तासभर पुरलेली राहू द्यावी, म्हणजे आतली ओल सर्वत्र सारखी होते. मग रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन वरचे सुटे चूर्ण थोडे थोडे दूर करीत जावे. प्रथम वस्तूचा माथा दिसतो, मग कडा, आणि सर्वांत शेवटी, हातांनी खालून आधार देत, ती पेटीबाहेर घ्यावी. या अवस्थेत ती बिस्किटापेक्षाही ठिसूळ असते. पोकळीत अडकलेले चूर्ण फुंकणीच्या हलक्या हवेने काढावे. उरलेले सारे चूर्ण चाळून पुन्हा वापरता येते. वस्तू सावलीत चांगली वाळली की तिला मजबुती देण्याचे तीन मार्ग आहेत. फेविक्विकसारखा पातळ गोंद थेंबाथेंबाने पाजला तर तो क्षणात आत शोषला जातो व वस्तू खणखणीत होते, पण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते व मोठ्या वस्तूला तो महाग पडतो. वितळलेल्या मेणात बुडविल्यास रंग खुलतो, बळ बेताचेच येते. एप्सम मिठाचे, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचे, पाण्यातील द्रावण हलकेच फवारणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि शाळेतील मुलांच्या हाती देण्यास मला तोच पसंत आहे. त्यातील पाण्याने राहून गेलेला संयोगही बराचसा पुरा होतो.

पहिली वस्तू शोभेची काढू नये. २० मिलिमीटर बाजूचा साधा घन छापावा, वाळल्यावर व्हर्निअर कॅलिपरने त्याची लांबी, रुंदी व उंची मोजावी, आणि ती तिन्ही मापे मिश्रणाचे प्रमाण, द्रवाची कृती, एका बिंदूवर टाकलेले थेंब व त्या दिवशीच्या हवेचे मान यांसह वहीत लिहून ठेवावीत. बहुधा लांबी-रुंदी २० च्या थोडी वर निघेल, कारण थेंब बाजूंना पसरतो. उंचीही वाढलेली दिसेल, कारण सर्वांत खालच्या थराच्या तळाशी ओल झिरपून तेथे एक जादा पापुद्रा धरतो. हा वाढावा मिश्रणागणिक निराळा असतो, एका मिश्रणापुरता मात्र बराचसा ठराविक राहतो. तेव्हा तो पुढच्या नमुन्याच्या मापांतून वजा करून मगच खरी वस्तू छापावयास घ्यावी.